पहिल्या महिन्याची नोंदवही

गेल्या डिसेंबर महिन्यात आमच्या नागापूरच्या घरी नातीचे आगमन झाले. कन्येचे हे पहिले बाळंतपण. म्हणून रीतीप्रमाणे ती सातव्या महिन्यातच पुण्याहून माहेरी आली होती. नगरमधील एका रुग्णालयात, अपेक्षित तारखेच्या तीन आठवडे आधी, पहाटे पावणेपाच वाजता मुलगी झाली. परिचारिकेने बाहेर येऊन वजन सांगितले : २ किलो ३१० ग्रॅम. सारे आयुष्य बँकेत आकडे लिहिण्यात गेल्यामुळे आनंदाच्या त्या क्षणीही माझा हात आधी खिशातील पेनाकडे गेला. घरी आल्यावर मी एक कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर तारीख, वेळ व वजन लिहून ठेवले. त्या वहीत माझ्याकडून कोणती चूक झाली आणि तिने मला काय शिकवले, ते वाचकांपुढे ठेवण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. माझी स्वतःची कन्या जन्मली तेव्हा मी विदर्भातील एका शाखेत अधिकारी होतो. मार्चअखेर जवळ आलेली. ताळेबंद पूर्ण होईपर्यंत रजा मिळणे शक्य नव्हते, आणि खरे सांगायचे तर मीही ती फारशा नेटाने मागितली नाही. एकोणिसाव्या दिवशी घरी पोहोचलो, तेव्हा न्हाऊ-माखू घातलेले, दुपट्यात गुंडाळलेले बाळ आईने माझ्या मांडीवर आयते ठेवले. त्याआधीचे अठरा दिवस कसे गेले, हे मी कधी विचारले नाही. धाकट्या चिरंजीवाच्या वेळीही थोड्याफार फरकाने हेच घडले. पुरुषाने पेढे वाटावेत, रुग्णालयाचे बिल भरावे आणि खोलीच्या दारातून डोकावून परतावे, एवढेच आमच्या पिढीचे पितृत्व. निवृत्तीनंतर प्रथमच नवजात बाळाचा संपूर्ण महिना मी घरी राहून पाहिला.

आमच्या मारवाडी घरांत बाळंतपणाला ‘जापा’ म्हणतात. जाप्याची खोली घरातील सर्वांत उबदार असावी, तेथे येण्याजाण्यावर बंधन असावे आणि सव्वा महिना बाळंतिणीने घरकामाला हात लावू नये, हा नियम माझी आई, म्हणजे बाळाची पणजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षीही कटाक्षाने पाळायला लावते. तरुणपणी मला हा प्रकार बाळंतिणीला अस्पृश्य ठरविण्यासारखा वाटे आणि त्यावरून मी आईशी वादही घातला होता. त्यातील ‘विटाळ’ ही कल्पना मला आजही मान्य नाही. परंतु डिसेंबरात नगरची थंडी, भेटायला येणाऱ्यांचा सर्दी-खोकला आणि जेमतेम सव्वादोन किलोचा तो जीव पाहिल्यावर, त्या नियमाच्या पोटात एक शहाणपणही दडलेले आहे हे ध्यानी आले.

दोन दिवसांनी मायलेकी घरी आल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी आशाताई दारात उभ्या राहिल्या. खांद्याला पिशवी, पिशवीत झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर आणि एक छापील तक्ता. त्यांनी आधी साबणाने हात धुतले, मगच बाळाला हात लावला. वजन २ किलो २३० भरले. पहिले काही दिवस बाळाचे वजन थोडे उतरतेच, असे त्या म्हणाल्या. सौ.ने सहाण आणि बाळघुटीची मुळी काढून ठेवली होती, ती पाहून त्यांनी शांतपणे सांगितले, “काकू, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही. घुटी नाही, गूळपाणी नाही, साधं पाणीसुद्धा नाही.” मध चाटविण्याचा तर आपल्या घरांत प्रश्नच नव्हता, कारण तो मुळातच वर्ज्य. वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, असे वैद्यकशास्त्रही सांगते, हे ऐकून आईला विशेष समाधान वाटले. काजळ आणि शेगडीची धुरी यांनाही त्यांनी नकार दिला. जाताना त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “काका, वजन अडीच किलोच्या आत आहे. रडायची वाट पाहू नका. दर दोन-अडीच तासांनी उठवायचं, तळपायाला टिचक्या मारून उठवायचं, पण पाजायचं.”

मी ही सूचना वहीत सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवली आणि तिच्याखाली रेघही ओढली. त्यापुढे घडले ते असे की, ती सूचना वहीतच राहिली.

झोपलेल्या बाळाला उठवू नये, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. शिवाय आमचे बाळ कमालीचे शांत होते. चौथ्या रात्री ते सलग चार तास झोपले, पाचव्या रात्री पाच तास. कन्याही थकलेली, तिलाही विश्रांती मिळाली. फोनवर विचारणाऱ्या प्रत्येकाला मी अभिमानाने सांगत होतो, “अगदी शहाणी आहे हो, रडतच नाही!” वहीत मी लिहिले, ‘रात्रीची झोप उत्तम.’ त्याच पानावर ओल्या लंगोटांची संख्याही मी लिहीत होतो. तिसऱ्या दिवशी चार, चौथ्या दिवशी तीन, पाचव्या दिवशी दोन. आकडे माझ्याच हातचे होते, एकाखाली एक लिहिलेले होते. कोणत्याही शाखेत एखाद्या खात्याची शिल्लक अशी ओळीने घटताना दिसली असती, तर मी खातेदाराला बोलावणे धाडले असते. येथे मी नोंद करीत राहिलो, ताळा मात्र घेतला नाही.

सहाव्या रात्री साडेदहाच्या सुमारास आई काठी टेकीत जाप्याच्या खोलीत गेली. बाळाच्या पोटावर आणि मग तळपायावर तिने हात ठेवला. हनुवटीला बोट लावून पाहिले. बाळाने तोंड वळवले नाही. आई बाहेर आली आणि मला म्हणाली, “अरे, ही शांत नाही, सुस्त आहे. पाय गार आहेत तिचे. गाडी काढ.” सकाळी पाहू, असे मी म्हणणार होतो. आईने मला वाक्य पुरे करू दिले नाही. “माझा असाच झोपला होता,” एवढेच ती म्हणाली.

त्या वाक्याचा अर्थ विचारण्याची ती वेळ नव्हती. कन्येने बाळाला छातीशी धरून वरून शाल घेतली. कंपन्यांच्या रात्रपाळीच्या बसेस एमआयडीसीकडे येत होत्या आणि आम्ही त्यांच्या उलट दिशेने, सीना नदीचा पूल ओलांडून, नगरकडे निघालो होतो. ते अंतर किती थोडे आहे, हे मला ठाऊक होते. त्या रात्री ते संपेना.

रुग्णालयात वजन भरले २ किलो ७० ग्रॅम. जन्माच्या वजनात दहा टक्क्यांहून अधिक घट. अंगाचे तापमान उतरलेले, कावीळ छातीच्या खाली पोटापर्यंत आलेली. डॉक्टरांनी समजावले ते साधे होते, म्हणूनच अधिक लागले. नवजात बालकांपैकी अनेकांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कावीळ दिसते आणि बहुतेकांची ती आपोआप ओसरते. परंतु कमी वजनाचे, लवकर जन्मलेले बाळ पुरेसे दूध प्यायले नाही की कावीळ वाढते. कावीळ वाढली की बाळ सुस्त होते. सुस्त झाले की आणखी कमी पिते. भूक लागल्यावर रडण्याइतकीही शक्ती अशा बाळात उरत नाही आणि घरच्यांना वाटते, बाळ गुणी आहे. “वेळेवर आणलंत,” ते म्हणाले. ही वेळ माझ्या वहीने नव्हे, तर कधी शाळेत न गेलेल्या माझ्या आईच्या तळहाताने साधली होती.

बाळाला निळ्या प्रकाशाखाली ठेवले गेले. डोळ्यांवर पट्टी बांधलेली ती एवढीशी मूर्ती पाहून सौ. भिंतीकडे तोंड करून नवकार म्हणत राहिली. कन्या दूध काढून वाटी-चमच्याने पाजत होती. थेंब सांडला तरी तिचा जीव कासावीस होई. दोन दिवसांनी कावीळ उतरली, वजन २ किलो ११० वर आले आणि आम्हांला घरी जाण्याची परवानगी मिळाली.

त्याच संध्याकाळी मी आईजवळ बसलो. तिने जे सांगितले, ते मी माझ्या सहासष्ट वर्षांच्या आयुष्यात प्रथमच ऐकत होतो. आमचे कुटुंब त्या काळी पाथर्डी तालुक्यातील एका खेड्यात किराणा दुकान चालवीत असे. माझ्या जन्माआधी दोन वर्षे आईला पहिला मुलगा झाला होता. बाळ लहानखुरे, पण नाकीडोळी नीटस. तेही रडत नसे. घरातील वडीलधाऱ्या बायका म्हणत, मोठे पुण्यवान बाळ आहे. अकराव्या दिवशी पहाटे ते उठलेच नाही. दुसऱ्या दिवशी बारसे व्हायचे होते. सूतकाची खोली, त्यात बाहेरच्या माणसाला प्रवेश नाही. वैद्याला बोलवावे असे कोणाच्या मनात आले नाही आणि एकोणीस वर्षांच्या सुनेने ते सुचवावे, अशी घरात रीत नव्हती. चार दिवसांनी घर पूर्ववत झाले. त्या बाळाचे नाव नव्हते, म्हणून त्याचा उल्लेखही कधी झाला नाही. मी स्वतःला आजवर घरातला थोरला समजत आलो. मी थोरला नव्हतो.

ज्या नियमात मला नुकतेच शहाणपण दिसले होते, त्याच नियमाची ही दुसरी बाजू. खोलीचे दार गर्दीसाठी बंद असावे. वैद्यासाठी बंद राहिले, तर तीच खोली जीवघेणी ठरते.

ऐकताना मला आनंदीबाई जोशी आठवल्या. पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांच्या या पत्नीला चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. त्या दुःखातूनच त्यांच्या मनात डॉक्टर होण्याचा निश्चय रुजला. १८८६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथून त्या वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधी, निवर्तल्या. आनंदीबाईंचे नाव महाराष्ट्राला शाळेपासून पाठ आहे. त्या दहा दिवसांच्या मुलाची आठवण मात्र क्वचितच कोणी काढते. माझ्या आईसारख्या किती स्त्रियांनी असे दहा-अकरा दिवस मनात बंद करून ठेवले असतील, याची गणती कोणी केली?

ती गणती महाराष्ट्रात गडचिरोलीत झाली. सातव्या दिवशी घराला कुलूप पाहून परत गेलेल्या आशाताई नवव्या दिवशी पुन्हा आल्या, तेव्हा त्यांचा तक्ता मी लक्षपूर्वक पाहिला. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी त्यावर भेटींचे दिवस छापलेले होते : ३, ७, १४, २१, २८ आणि ४२. या पद्धतीचे मूळ डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग या दांपत्याच्या कामात आहे. १९८६ पासून गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था चालवीत असताना, बालमृत्यूंचा मोठा वाटा जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातच असतो आणि त्यांतील बहुतेक मृत्यू घरात, उपचारांविना होतात, हे त्यांना दिसले. रुग्णालय गावापर्यंत येणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी ३९ गावांत त्या-त्या गावातील स्त्रियांनाच शिकवून तयार केले. बाळाचे वजन करणे, तापमान पाहणे, श्वास मोजणे, त्याला उबदार ठेवणे, स्तनपानास मदत करणे, जंतुसंसर्गाची चिन्हे ओळखणे व त्यावर उपचार करणे, ही सारी कामे त्या स्त्रिया करू लागल्या. या गावांत हजार जन्मांमागे ६२ बालके पहिल्या महिन्यात दगावत असत. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी हे प्रमाण सुमारे २५ वर आले. १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर राबविली जाऊ लागली. सरकारी कागदावर न येणाऱ्या बालमृत्यूंकडे महाराष्ट्राचे लक्ष वेधणाऱ्या २००१ च्या अहवालाला त्यांनी ‘कोवळी पानगळ’ असे नाव दिले होते. आजही जगात पाच वर्षांच्या आत मरण पावणाऱ्या बालकांपैकी जवळजवळ निम्मी पहिल्या २८ दिवसांतच जातात.

या साऱ्यात मोठे यंत्र कोठेही नाही. काटा, थर्मामीटर, घड्याळ आणि पाहणारी नजर. अक्षरओळख नसलेल्या सुईणींनाही बाळाचे श्वास मोजता यावेत, म्हणून बंग दांपत्याने मण्यांचे एक साधे साधन तयार करविले होते, हे वाचून मला आपली जपमाळ आठवली. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी भेट दिलेले घड्याळ मी कपाटातून काढले आणि रात्री बाळाच्या पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजू लागलो. मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास झाले तर धोका, असे डॉक्टरांनी सांगितले होते. पहिल्या रात्री ४६ भरले. पुन्हा मोजले, ४८. मग झोप लागली.

पुढचे तीन आठवडे वही खऱ्या अर्थाने नोंदवही झाली. पाजण्याची प्रत्येक वेळ, प्रत्येक ओला लंगोट लिहायचा आणि रात्री झोपण्यापूर्वी पान वरपासून खालपर्यंत वाचायचे. पहाटे तीनचे पाजणे सांभाळण्यासाठी गजर लावून उठण्याचे काम मी मागून घेतले. बाळाला उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लागेल असे धरून ठेवण्याची रीत डॉक्टरांनी शिकविली होती. कांगारू-पद्धत म्हणतात ती हीच. १९७८ च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा येथे, काचपेट्या अपुऱ्या पडत म्हणून डॉ. एडगर रे यांनी ती सुरू केली. ही ऊब वडीलही देऊ शकतात, आजोबाही देऊ शकतात, असे कळल्यावर कन्येला दुपारी झोप मिळावी म्हणून रोज तासभर ते काम माझ्याकडे आले. सदऱ्याची बटणे काढून, संकोचत, मी प्रथमच एवढ्या लहान जीवाला हृदयाशी धरले. स्वतःच्या दोन मुलांच्या वेळी आपण काय गमावले, ते त्या तासात उमगले.

घरात आम्ही वडीलधारी मंडळी रात्री अन्न घेत नाही. मध्यरात्री पाजून झाल्यावर कन्येला कडकडून भूक लागे आणि आमच्यासमोर खाण्याचा तिला संकोच वाटे. आईनेच अळिवाची खीर गरम करायला लावली आणि म्हणाली, “पच्चक्खाणालाही आगार असतो गं. तू खा. तुझं पोट भरलं तर तिचं भरेल.” साठ वर्षांहून अधिक काळ चौविहार करणाऱ्या स्त्रीचे हे शब्द मला कोणत्याही प्रवचनाइतके मोलाचे वाटले.

व्याख्यानात महाराज साहेब ‘यतना’ हा शब्द नेहमी वापरतात. चालावे, बसावे, झोपावे, बोलावे, ते यतनापूर्वक. पायाखाली जीव चिरडला जाऊ नये, पाणी गाळून घ्यावे, एवढाच त्याचा अर्थ मी धरून होतो. झोपलेल्या नातीच्या तळपायाला टिचकी मारून तिला जागे करताना कळले की, केवळ इजा न करणे म्हणजे यतना नव्हे. समोरच्या जीवाला काय हवे आहे, हे त्याला बोलता येत नसतानाही जाणून घेणे, आणि जाणल्यावर आळस न करणे, हीही यतनाच होय.

चौदाव्या दिवशी वजन २ किलो २६० झाले. एकविसाव्या दिवशी २ किलो ४८०. अठ्ठाविसाव्या दिवशी आशाताईंच्या झोळीचा काटा २ किलो ७०० वर थांबला, तेव्हा त्यांच्याही चेहऱ्यावर हसू आले. बाळ त्या वेळी झोळीत जोरजोराने रडत होते आणि ते रडणे आम्ही सारे कौतुकाने ऐकत होतो.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणे जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावयाची असते. रुग्णालयाने ती केलेलीच होती. बारसे सव्वा महिन्यानंतर करायचे ठरल्यामुळे नावाचा रकाना रिकामा होता. नाव नंतर भरता येते, नावाअभावी नोंद अडत नाही, ही त्या कायद्यातील तरतूद वाचून मी बराच वेळ तो कागद हातात धरून बसलो. नाव नसले तरी माणूस जन्मला आहे, हे कायद्याने मान्य केले आहे. आपल्या घरांनी ते मान्य करायला फार उशीर केला.

त्या रात्री मी वही आईपुढे ठेवली आणि विचारले, “त्याचंही लिहू का?” आई पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग तिने तिथी सांगितली, वार सांगितला, आणि त्या वेळी मनात योजलेले, पण कोणालाही न सांगितलेले एक नावही सांगितले. वहीच्या पहिल्या पानावर, नातीच्या नोंदीच्या वर थोडी जागा होती. तेथे मी माझ्या थोरल्या भावाचे नाव लिहिले आणि पुढे लिहिले : आयुष्य, अकरा दिवस.

सव्वा महिना पूर्ण झाल्यावर कन्या बाळाला घेऊन स्थानकात मांगलिक ऐकून आली. आता ती पुण्याला, आपल्या घरी गेली आहे. वही मात्र तिने येथेच ठेवली. धाकट्या भावाच्या घरी पाळणा हलेल तेव्हा लागेल, म्हणाली.

माझ्या वयाच्या वाचकांना एवढीच विनंती की, घरी नातवंड येईल तेव्हा पहिला महिना दारातून डोकावून घालवू नका. आत जा. हात धुऊन बाळाचे तळपाय गरम आहेत का, ते पाहा. पाजण्याच्या वेळा मोजा, लंगोट मोजा, डोळे आणि त्वचा पिवळी दिसते का, ते दिवसाच्या उजेडात पाहा. बाळ पीत नसेल, गार पडले असेल, सुस्त वाटत असेल, श्वास भराभर चालत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. आणि आपल्या आईला, आजीला, जी हयात असेल तिला, एकदा जवळ बसून विचारा, तुला एकूण मुले किती झाली? उत्तर तुम्हांला ठाऊक असलेल्या आकड्याहून वेगळे निघाले, तर तेही लिहून ठेवा.

जय जिनेंद्र.